तिसावा आकडा

४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

अकरा वर्षांनी पत्र पाठवलंस, तेही सात ओळींचं. पाकिटावरचं अक्षर लगेच ओळखलं. तुझा 'र' अजून पुढच्या अक्षरावर रेलतो, उभं राहायचा कंटाळा आल्यासारखा. याच 'र'साठी कॉन्व्हेंट शाळेत मदरने तुझ्या बोटांवर पट्टी मारली होती. फुकट गेली म्हणायची.

सात ओळी मी आठ वेळा वाचल्या. नर्सिंगच्या शाळेत तुला ऑपरेशन थिएटरचा विषय शिकवायला बोलावलं आहे. आनंद आहे. नेमणुकीआधी हॉस्पिटलने ती जुनी फाइल कपाटातून काढली आहे आणि ते मला लेखी विचारतील, असं तू लिहितेस. विचारलं. तुझ्या पत्रापाठोपाठ त्यांचं आलं. खाली मेट्रनची सही, अठ्ठावीस तारखेपर्यंत निवेदन द्या. इथवर ठीक आहे. पण तुझ्या शेवटच्या तीन ओळी? 'ताई, जे घडलं तेच लिही. ही लढाई माझी नाही, तुझी आहे. देवावर भरवसा ठेव, मी तुझ्यासाठी प्रार्थना करते आहे.'

कुठली लढाई गं? मी निवृत्त बाई. माझी लढाई आहे ती खिडकीतल्या कबुतरांशी, आणि वरच्या मजल्यावरच्या त्या माणसाशी, जो सकाळी सहाला खुर्च्या ओढतो. आणि प्रार्थना तू करणार, माझ्यासाठी? तुला गुडघे टेकायला शिकवलं कोणी? प्रार्थना करताना एक डोळा उघडा ठेवून कोण कोण झोपलंय ते मोजायचीस, तेव्हा चिमटा कोण काढायचं?

जे घडलं ते फाइलमध्ये लिहिलेलंच आहे. तीस मॉप, हातरुमालाएवढ्या कापडाच्या घड्या, पोटातलं रक्त टिपायच्या. तीस घेतले, तीस परत आले, अशी नोंद झाली. नोंदीखाली तुझी सही आहे आणि माझीही आहे. तीन आठवड्यांनी त्या शिंपीणबाईचं पोट पुन्हा उघडावं लागलं आणि आतून एक मॉप निघाला. टेबलाशी निर्जंतुक हातांनी मी होते, त्याच खोलीत टेबलाबाहेरच्या कामाला तू होतीस. वापरलेले मॉप चादरीवर मांडून दाखवायचं काम बाहेरच्या सिस्टरचं. चुकलं ते तुझ्या बाजूला, असं चौकशी समितीने म्हटलं. मी नाही म्हटलं, समितीने म्हटलं.

आपण मोजायचो कसं ते सगळ्या हॉस्पिटलला पाठ होतं. एक मी, दोन तू, तीन मी, चार तू. विषम माझे, सम तुझे. तेव्हा तीस तुझा. आणि तू पाच माणसांसमोर उभी राहून, सख्ख्या बहिणीच्या तोंडावर म्हणालीस, 'तीस मी म्हटलंच नाही.' हॉस्पिटलात सगळ्याच सिस्टर. एकाच आईच्या पोटची अशी मला एकच होती, आणि तिनेच हे केलं.

मी उत्तर देणार आहे. तुझ्या प्रार्थनेची त्यात मदत नको.

ताई

९ फेब्रुवारी, रविवार दुपार

धाकटे,

तुझं उत्तर नाही. नसो. मी आपली लिहिते, कारण आज ज्याच्यावर बोलायचं आहे ते ऐकायला घरात कबुतरांशिवाय कोणी नाही.

चर्चच्या महिला मंडळाने या तेवीस तारखेला मला बोलायला उभं करायचं ठरवलं आहे. विषय ऐक. 'आध्यात्मिक लढाईत देवावर भरवसा.' मला वाटलं तूच आतून कळ फिरवली असशील. पण तुला हे मंडळ माहीत नाही, मंडळाने तुला कधी पाहिलेलं नाही. ही निव्वळ माझ्या नशिबाची खोडी.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही आयुष्यभर मरणाशी लढलात."

म्हटलं, "मरणाशी डॉक्टर लढायचे. मी चिमटे देत होते."

"बघा, किती नम्र!" असं म्हणून त्यांनी नाव लिहूनच टाकलं.

मग साक्षी सुरू झाल्या. एकीचा पाहुण्यांच्या दिवशीच गॅस संपला. सैतानाचं काम. एकीचा मुलगा गणितात नापास. तेही त्याचंच. मी विचारलं, "मुलाने अभ्यास केला होता का?" त्या बिचाऱ्या सैतानाला दुसरा कामधंदा नाही, हा नुसता या बायकांच्या सिलिंडरभोवती घिरट्या घालतो! मदर म्हणायची ते आठवतं? 'मुलींनो, तो तुमच्याकडे फिरकत नाही. त्याचं काम तुम्ही न सांगता करता.' ती बाई कडू होती, पण खोटं बोलायची नाही.

पुढे अजून आहे. त्या दिवसासाठी यांनी बायबलात सांगितलेलं देवाचं चिलखत पुठ्ठ्याचं बनवलं आहे. वर चांदीचा कागद चिकटवलाय. ढाल म्हणजे ताटावर कागद, शिरस्त्राण म्हणजे फळं ठेवायची प्लास्टिकची टोपली. मी ते घालून बोलायचं! मी सदुसष्ट वर्षांची आहे. टोपली डोक्यात घालून मी भरवशावर काय बोलणार, ती पडणार नाही याचाच भरवसा नाही.

तरी माप बघायला म्हणून घातलं. नाड्या पाठीमागे आहेत. मी सवयीने दोन्ही हात छातीपुढे वर धरले, कशालाही न लावता, आणि पाठ करून उभी राहिले. कोणी पुढे येईना. कोणाला कळेचना मी कशाची वाट बघते आहे. शेवटी एकजण म्हणाली, "सिस्टर, नाडी तुमच्या मागेच लोंबतेय की."

पंचवीस वर्षं माझ्या गाऊनच्या नाड्या तू बांधल्यास. गाठ मारून झाली की पाठीवर एक थाप, "झालं ताई, जा." आठवलं म्हणून लिहिलं. त्यातून काही अर्थ काढू नकोस.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी. उपासनेत पाळकसाहेब एक ओळ वाचतात आणि पुढची मंडळीने म्हणायची असते. त्या वेळी मी नुसते ओठ हलवते. माझा घसा बसतो. बरीच वर्षं झाली. डॉक्टरांना दाखवलं, घशात काही नाही म्हणाले. आजकालचे डॉक्टर!

ताई

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटे,

माझं निवेदन मी मंगळवारीच लिहून काढलं होतं. एक पान, स्वच्छ अक्षर, खाडाखोड नाही. 'अकरा वर्षांपूर्वी जे सांगितलं त्यावर मी ठाम आहे.' एवढंच. पोस्टावर विश्वास नाही म्हणून आज स्वतः द्यायला गेले.

मेट्रन मीटिंगमध्ये होती. ही तीच, जी शिकाऊ असताना हातमोजे उलटे घालायची. शिपाई म्हणाला, "थोरल्या सिस्टर, बसा ना, तुमच्याच खोलीत बसा." माझी खोली म्हणजे मुलींची सरावाची खोली. मी निवृत्त झाले तेव्हा तिच्या दारावर माझ्या नावाची पितळी पाटी लावली. तुला कोणी कळवलं नसेल. चार स्क्रूंवर आहे, डावीकडचा खालचा ढिला झालाय. कोणाचं लक्ष नाही.

आत दोन मुली टेबलाशी, त्यांची शिकवणारी कोपऱ्यात फोनवर बोलत. मॉपच्या जागी जुन्या चादरीचे तुकडे. मला बघून शिकवणारी उठली. "मुलींनो, या बघा थोरल्या सिस्टर. यांचीच पद्धत आपण शिकतोय. दाखवा मोजून."

दाखवा मोजून म्हणे. आणि त्यांनी दाखवलं. एक ही म्हणाली, दोन ती. तीन ही, चार ती. आपली मोजणी, धाकटे! पुस्तकातला नियम आहे की दोघींनी प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणायचा. आणि इथे माझ्या नावाच्या पाटीखाली आपली ती शाळेतली सवय धडा म्हणून शिकवतात! ती सवय कुठून आली ते तुला नि मला माहीत. मदर जपमाळेला अर्धा वर्ग या बाजूला नि अर्धा त्या बाजूला बसवायची, अर्धी प्रार्थना यांनी म्हणायची नि उरलेली त्यांनी. आपण कॅथलिक, जपमाळवाले नसूनसुद्धा आपल्याला बसायला लागायचं. आईला घरी सांगितलं नाही. त्या लयीची गोडी लागली ती लागली. पुढे चिमटे, कात्र्या, मॉप सगळं त्याच लयीत. लोक कौतुक करायचे की दोन बहिणी एका तोंडाने मोजतात.

मुली एकोणीसपर्यंत आल्या. एकोणीस हिने म्हटलं. ती दुसरी थांबली, कारण टेबलावर तुकडाच नव्हता. एक क्षण, फार तर दोन. मग पहिलीनेच म्हटलं, "वीस," आणि दोघी हसल्या. शिकवणारी म्हणाली, "छान."

मी ओरडले. असं ओरडले की शिपाई धावत आला. त्या पोरीला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिकवणारीलाही सोडलं नाही. "तुम्हाला ऐकू येत नाही? तिचा आकडा हिने खाल्ला, आणि तुम्ही छान म्हणता?" पोर रडायला लागली. "सिस्टर, मला वाटलं खाली पडला असेल," म्हणाली.

मी निवेदन न देताच परत आले. पर्समध्ये आहे.

का ओरडले ते विचारू नकोस. तू विचारणार नाहीस हे मला माहीत आहे, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

ताई

२० फेब्रुवारी, गुरुवार सकाळ

बाई,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. फाडलेल्या चारही पत्रांत तुलाच शिव्या होत्या. सवय.

आता सरळ लिहिते.

तो दिवस. सर्जनसाहेब घाईत. मोजणी सुरू झाली. एकोणतीस मी म्हटलं, आणि तू गप्प. मी वळून पाहिलं. खाली चादरीवर पाच-पाचच्या ओळी, शेवटच्या ओळीत चार. मास्कच्या वर तुझे डोळे, आणि तू मान हलवलीस. नाही. साहेब म्हणाले, "सिस्टर, बंद करू?" आणि मी तुझा आकडा घेतला. "तीस," म्हटलं. "पूर्ण."

तू म्हणालीस, "ताई, थांब." फार हळू नाही म्हणालीस. मला ऐकू आलं होतं. समितीला मी सांगितलं की नाही आलं.

का केलं? त्याच्या आदल्याच आठवड्यात मोजणी कमी भरते म्हणून मी सगळ्यांना थांबवलं होतं. वीस मिनिटं शोधाशोध, आणि मॉप निघाला बादलीखाली. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "थोरल्या सिस्टरना आता जाड भिंगाचा चष्मा द्या." सगळे हसले. तूही हसलीस, थोडीशी. एवढंच. एवढ्यासाठी. मला वाटलं आजही बादलीखालीच असणार. त्या पोरीला वाटलं तसं.

बाहेर आल्यावर तू कागद घेऊन उभी होतीस. "ताई, सही कशी करू? एक कमी आहे." मी म्हटलं, "कर सही. मी आहे ना." आणि तू केलीस. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तू कागद त्याच्या अंगावर फेकला असतास. पण ताईने सांगितलं. आपल्या घरात ताईने सांगितलं की विषय संपला. त्या सहीवरच पुढे समितीने तुला पकडलं.

बादलीखाली मी मग पाहिलं. नव्हता. आता यापुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, देवालासुद्धा नाही, जणू त्याला माहीतच नाही. बादलीखाली नाही हे कळल्यावर तेव्हाच्या तेव्हा सांगता आलं असतं. ती शिंपीणबाई वॉर्डात होती, दहा दिवस होती. मी रोज तिच्याकडे जायचे. ती म्हणायची, "सिस्टर, तुम्ही किती काळजी घेता." मी तिचा ताप बघायचे आणि कोणाला काही न सांगता थर्मामीटर झटकून ठेवायचे. ती वाचली, त्यात माझा काही हात नाही. घरी जाऊन शिवणाच्या मशीनवर पुन्हा बसायला तिला पाच महिने लागले.

तुला थिएटरमधून काढून बाह्यरुग्ण विभागात टाकलं, तू राजीनामा दिलास, त्या वृद्धांच्या घरात नोकरी धरलीस. आणि मी? मी चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थना सांगितली. 'माझ्या बहिणीला सुबुद्धी मिळो.' मंडळीने आमेन म्हटलं.

तुझी ती 'लढाई' मला डोळ्यांपुढे आणता येत नव्हती. शिंगं, शेपटी, आग असलं काहीतरी वाटायचं आणि हसू यायचं. तसलं काही नसतं गं. तो आवाज अगदी माझ्यासारखा आहे. शुद्ध बोलतो, व्याकरण पक्कं. दर सकाळी चहाच्या कपाशी बसतो आणि म्हणतो, 'तुझं बरोबर होतं.' अकरा वर्षांत एक दिवस खाडा नाही. माझ्याकडे कामाला असता तर मी त्याला उत्तम शेरा दिला असता.

आणि देव गप्प. मला त्याचा भयंकर राग होता, अजून आहे. म्हणायचे, तू सर्व जाणतोस ना, मग बोल! एकदा तरी दरडाव, माझे कान धर! काही नाही. मी विचारायचे, तो गप्प बसायचा, आणि त्या शांततेत मीच उत्तर भरून टाकायचे. 'म्हणजे तुझीही हरकत नाही तर.' आमेन मीच म्हणायचे.

गेल्या शुक्रवारी ती दुसरी पोर एकोणीसवर थांबलेली पाहिली. थांबली होती तीच खरी होती. तुझ्यासारखी. आणि मला वाटलं, अकरा वर्षं देवही माझ्यासमोर तसाच थांबला असेल तर? मान हलवून, नाही म्हणत? त्याचा आकडा मी त्याला म्हणूच दिला नाही. तू भरवसा म्हणतेस. मला त्यातलं एवढंच कळलं आहे की त्याचा आकडा आपण म्हणायचा नाही. पुढे कितीही भयाण शांतता पसरली तरी नाही.

'मी आहे ना' हे शब्द म्हणायचा अधिकार एका देवाचाच. मी ते वापरले, आणि तुझी पाठ उघडी टाकून निघून गेले.

मला माफ कर असं मी या पत्रात लिहीत नाही आहे. ते आधी हॉस्पिटलला लिहायचं आहे. तुझ्या कानात माफी मागून जगासमोर तशीच राहिले, तर तो चहाचा सोबती टाळ्या वाजवील.

ताई

२३ फेब्रुवारी, रविवार संध्याकाळ

धाकटे,

बोलले. टोपली डोक्यात घातली नाही. चिलखत घातलं, कारण त्या बायकांनी तीन दुपारी खपून केलं होतं. नाड्या मात्र बांधून घेतल्या नाहीत. मागून पुठ्ठा फडफडत होता.

मी म्हटलं, आज मी जिंकलेली लढाई सांगणार नाही. अकरा वर्षं हरते आहे ती सांगते. आणि सगळं सांगितलं. मॉप, तीस, सही, थर्मामीटर. तुझ्यासाठी आमेन म्हणायला लावलं होतं तेही. म्हटलं, ते आमेन परत घ्या, ते चुकीच्या बहिणीसाठी होतं.

अध्यक्षीणबाईंच्या सासूबाईंना ऐकू कमी येतं. त्यांनी सुनेला विचारलं, "काय म्हणते?" सून कुजबुजली. सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पोटात कापड विसरली? आणि बोल बहिणीला लावला? अगंबाई!" सगळ्या दिवसात एवढंच एक वाक्य बरोबर होतं.

मग अध्यक्षीणबाई पाणावल्या डोळ्यांनी पुढे आल्या आणि माझे हात धरून म्हणाल्या, "सिस्टर, हे सगळं त्या दुष्टाने तुमच्याकडून करवलं. तुमची यात काही चूक नाही."

माझा तोल गेला. "बाई, माझ्या चुकीचं श्रेय त्याला देऊ नका. तो कानाशी बोलला असेल. तीस मी म्हटलं. माझ्या तोंडाने." त्या दुखावल्या. दुखावू देत. अकरा वर्षं मला हेच ऐकायचं होतं, चूक तुझी नाही. आणि आज कोणी आयतं आणून दिलं, तर ते मला शिळ्या वरणासारखं नकोसं झालं.

नंतर पाळकसाहेबांनी वाचन घेतलं. त्यांची ओळ झाली. पुढची मंडळीची. माझा आवाज निघाला. फुटका, दारात घासणाऱ्या कडीसारखा, पण निघाला. शेजारची दचकली.

आता तुला वाटेल सगळं छान झालं. काही छान नाही. घरी आल्यापासून तो आवाज पुन्हा सुरू आहे. 'चार बायकांत सांगितलंस, पुरे झालं. देवाने ऐकलं. कागदावर कशाला? या वयात नाव कशाला घालवतेस?' आता तर देवाचंही नाव घेतो. निवेदन अजून पर्समध्ये आहे. ते जुनंच. नवं लिहायला बसते आहे. गुडघे दुखतात, पण आधी टेकते. आज तुझी प्रार्थना चालेल. करत असशील तर थांबवू नकोस.

ताई

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटे,

आज अकरा वाजता दिलं. मेट्रनने दोनदा वाचलं, मग उठून दार लावलं.

"थोरल्या सिस्टर," म्हणाली, "हे तुम्ही परत घेऊन जा. मी वाचलंच नाही असं समजा."

"का?"

"तुमच्या धाकट्या सिस्टरना आम्ही तसंही घेणारच आहोत. कमिटीचं ठरलंय. मग जुनं उकरून काय मिळणार? तुमच्या पद्धतीवर आमच्या पाच बॅचेस तयार झाल्या. पाटी आहे तुमची."

मला काय वाटलं सांगू? हलकं. इतकं हलकं की कळलं, हाच तो चहाचा सोबती. तू नोकरीला लागणार, माझी पाटी राहणार, कोणाचंच नुकसान नाही. बघ, देवाने कशी वाट काढली! हात पुढे झालाच होता कागद परत घ्यायला. तरी विचारलं, "घेणार म्हणजे काय शिकवायला?"

ती टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागली. "पहिल्या वर्षाला. बेड करणं, स्पंजिंग, असं. थिएटर नाही देता येणार. फाइलमध्ये ते आहे ना."

बेड करणं! त्या हॉस्पिटलात जी एकटी योग्य जागी थांबली, तिने पोरींना चादरीचे कोपरे मोडायला शिकवायचे! आणि मोजणी कोण शिकवणार, फोनवर बोलणारी ती? मी कागद तिच्याकडे सरकवला. म्हटलं, "बाई, उलटे हातमोजे घालायचीस तेव्हा मी काय करायचे?"

"काढून फेकायला लावायचात," ती म्हणाली.

"मग? हे उलटं घातलेलं अकरा वर्षं चाललंय. आवक नोंदव, शिक्का मार, आणि फाइलमध्ये माझ्यासमोर लाव."

तिने शिक्का मारला. कागद फाइलमध्ये लावला. बाहेर आल्यावर पर्समधलं जुनं निवेदन तिथल्याच बादलीत फाडून टाकलं.

पाटी काढा म्हटलं तर म्हणते, कमिटीत ठेवावं लागेल. लावताना कमिटी लागली नव्हती! तो ढिला स्क्रू मी बोटांनीच काढून घेतला. बाकीचे तीन त्यांनी काढावेत.

आत त्या दोन मुली होत्या. मला बघून त्या भिंतीला चिकटल्या. रडलेली होती तिला म्हटलं, "पुन्हा मोज. आणि आता दोघींनी प्रत्येक आकडा म्हणायचा. समोरची थांबली तर तूही थांबायचं. साहेब ओरडू देत, छत कोसळू दे." शेवटी तिने विचारलं, "सिस्टर, किती वेळ थांबायचं?"

मी म्हटलं, "सापडेपर्यंत."

तुझं काय ठरेल मला माहीत नाही. कमिटी पुढच्या महिन्यात पुन्हा बसणार आहे. मी मेट्रनला आडून विचारलं नाही, वशिला लावला नाही, आणि माझ्यासारख्या बाईला हे किती जड पडतं ते तुला कळेल. तू मला लिहिशील की नाही, तेही माहीत नाही. सकाळी चहाशी तो आवाज होताच. म्हणत होता, 'ती लिहिणार नाही, तूच तिच्या वतीने स्वतःला माफ करून टाक.' मी कप उचलून खिडकीशी गेले. कबुतरं बरी.

आता लिहिते, कारण आता ते फाइलमध्ये आहे. मी खोटं बोलले. तू खरं बोललीस. मला माफ कर.

स्क्रू या पाकिटात घातला आहे. पाकीट जड झालं म्हणून पोस्टातला माणूस कुरकुरेल, त्याला माझं नाव सांग.

मी एकोणतीस म्हटलं आहे. पुढचा आकडा तुझा. मी थांबले आहे.

ताई